शिडी हलत नव्हती

मित्रांनो, स्वस्थ उभे राहणे हा माझा धंदा, आणि नेमके तेच मला आयुष्यात कधी जमले नाही. बाहेरून बघाल तर मी एक जुनी लाकडी शिडी आहे. दोन्ही बाजूंना पायऱ्या, माथ्यावर लोखंडी बिजागरी आणि पाय जास्त फाकू नयेत म्हणून मधोमध बांधलेली दोरी. रंगारी लोक मला घोडा म्हणतात. म्हणोत बापडे. आतून मात्र माझी सारखी घालमेल चाललेली असते. कोणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माझ्या मनात येते, याचा हात सुटला तर? चप्पल ओली असली तर? माणूस खाली उतरून निवांत चहा प्यायला लागला तरी माझा जीव वरच अडकलेला असतो. त्यात मला बोलता येत नाही. आज बोलते आहे, कारण माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता, आणि त्या आळापायी एका मुलीचा जीव जायची वेळ आली होती.

मला एका दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराने घडवले. पाडलेल्या घराच्या चौकटीचे लाकूड त्याच्याकडे पडून होते. त्यातून माझे चार पाय निघाले. पायऱ्या त्याने चांगल्या रुंद ठेवल्या, तळवा पुरता टेकेल अशा. काम झाल्यावर तो स्वतः माझ्या माथ्यापर्यंत चढला, दोनदा अंग हलवून बघितले आणि खाली उतरून म्हणाला, "हिच्यावर माझी सासू चढली तरी मला घोर नाही." माझे एवढे कौतुक पुन्हा फार थोड्या वेळा झाले, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

तिथून मला एक रंगारी घेऊन गेला. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणते. माणूस कामाचा पक्का आणि जिभेला तिखट. मामा माझ्यावर चढून छत रंगवायचा आणि जागा बदलायची झाली तर खाली उतरायचाच नाही. माथ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा, कमरेला झोका द्यायचा आणि मला चालवायचा. एक झोका, माझे दोन पाय पुढे. दुसरा झोका, उरलेले दोन पुढे. अशी आमची वरात भिंतीच्या कडेकडेने निघायची. घरातली माणसे डोळे मिटून घ्यायची, आणि मामाला त्यात भारी मौज वाटायची. मला विचाराल तर त्या प्रत्येक झोक्याला मी जमिनीवरचे दोन पाय घट्ट रोवून धरायचे. पण मामाचा तोल असा होता की वीस वर्षांत रंगाचा एक थेंब चुकीच्या जागी पडला नाही.

मग खारू आली. ती मामाच्या बहिणीची मुलगी. मामा, त्याची बहीण आणि ही पोर एकाच घरात राहत, आणि त्या घराच्या बोळकांडीत माझी जागा होती. लहानपणी ती माझ्यावर इतकी सरसर चढायची की मामाने तिचे नाव खारू ठेवले ते ठेवलेच. नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणेच थांबले. तेव्हापासून तिला ते रोज टोचून घ्यावे लागते आणि बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजावी लागते. साखर फार उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोके हलके होते. अशा वेळी पटकन साखर तोंडात टाकायची, हे तिला पाढ्यासारखे पाठ होते.

सतराव्या वर्षी शाळा आटोपल्यावर ती म्हणाली, मला रंगारीच व्हायचे. तिच्या आईने हातातले लाटणे आपटले.

"उंचावर उभी असताना साखर उतरली म्हणजे? कोण झेलणार तुला?"

"मी आहे ना," मामा म्हणाला. "मोजल्याशिवाय पहिली पायरी चढू देणार नाही. आकडा बरोबर, तर वर. नाहीतर खाली बसून खिडक्या रंगव. कबूल?"

"कबूल," खारू म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईने डब्यासोबत साखरेचे चौकोनी खडे भरलेली डबी दिली.

तेव्हापासून आमच्या कामाची एक रीत पडली. सकाळी खारू बोट टोचायची, यंत्राकडे बघून आकडा मोठ्याने सांगायची, आणि मामा तो कानावरच्या पेन्सिलीने समोरच्या भिंतीवर लिहायचा. शंभर ते दोनशेच्या मध्ये असला की मान हलवायचा. मग ती वर. काम संपेपर्यंत त्या भिंतीवर एकाखाली एक आकडे जमायचे आणि शेवटी रंगाच्या हाताखाली जायचे. कितीतरी घरांच्या भिंतींत आजही रंगाखाली खारूची साखर लिहिलेली आहे आणि त्या घरांतल्या माणसांना त्याचा पत्ता नाही.

ती दोन वर्षे माझी सगळ्यात सुखाची. तिचा पाय हलका आणि हात ठाम. लोक छताकडे बघून मामाची पाठ थोपटायचे, तेव्हा तो अंगठ्याने मागे दाखवायचा, "माझं नाही, हिचं काम." मीसुद्धा त्यात होते, पण शिडीचे कौतुक कोण करतो?

आणि मग ते सुरू झाले.

एका वसतिगृहाच्या खोलीत ती छताचा कोपरा रंगवत होती. मान मागे टाकून तिने उजवीकडे वळवली, आणि अचानक तिचे दोन्ही गुडघे माझ्या अंगावर घट्ट आवळले गेले. ब्रश तसाच हवेत. मी मनात आकडे मोजू लागले. वीसपर्यंत आले तेव्हा तिची पकड सैल झाली. तिने खिशातून साखरेचे दोन खडे काढून तोंडात टाकले आणि पुन्हा कामाला लागली. सकाळचा आकडा एकशे अठरा होता. भिंतीवर माझ्या समोरच लिहिलेला होता.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग एक दिवसाआड. मला बोलता येत नाही म्हणून काय झाले, वजन कुठे झुकते ते मला कळते. ती समोरच्या भिंतीकडे बघत असली की ठीक असायची. वर, पांढऱ्या छताकडे, मान टाकून उजवीकडे वळली की तिचे सगळे वजन एकदम एका बाजूला जायचे. पॉलिश पेपरने घासताना धुळीपासून वाचायला ती डोळे मिटायची, तेव्हाही हळूहळू उजवीकडे कलायची. तिला घाम फुटत नव्हता. हात थरथरत नव्हते. साखर उतरण्याची ही लक्षणेच नव्हती. पण खारूला गरगरणे म्हणजे साखर, एवढे एकच गणित ठाऊक. गरगरले की दोन खडे. पुन्हा गरगरले की आणखी दोन. मोजायला खाली उतरावे लागले असते, म्हणून मोजायचीही नाही.

दुपारचे आकडे वाढू लागले. मामा बुचकळ्यात पडला.

"सकाळी एकशे वीस आणि आता दोनशे ऐंशी? डब्यात काय होतं आज?"

"बिस्किटं जास्त झाली, मामा."

"बिस्किटांचं दुकान खाल्लंस का?"

ती हसली आणि खिडकी रंगवायला बसली. मी मात्र बसल्या जागी तळमळत होते. अगं, सांग ना त्याला! पण ती सांगणार नव्हती, आणि का ते मला ठाऊक होते. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या गोल दालनाचे काम होते. घुमटासारखे उंच छत, त्याला फिकट निळा रंग आणि कडेने पांढरा पट्टा. मामाचे हात आता डोक्याच्या वर जात नव्हते. त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकले होते की ते छत एकटी खारू करणार. तिच्या हातचे पहिले अख्खे छत. चक्कर येते म्हणून सांगितले असते, तर छत गेलेच असते, आणि त्याच्यामागून बहुधा शिडीही.

एके दिवशी गरगरल्यावर तिचा ब्रश घसरला. पूर्ण झालेल्या भिंतीवर हातभर पांढरा ओरखडा उमटला. मामा खालून ओरडला, "काय गं? काय झालं?"

खारूने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "शिडी डुगडुगली."

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी माझा जो जळफळाट झाला तो काय सांगू! मी? ज्या मला चालवत नेले तरी वीस वर्षांत थेंब सांडला नाही, ती मी डुगडुगले? मामाने मला उलटे केले. बिजागरी तपासली. दोरी बदलली. एक पाय रंध्याने तासला, मग तो जास्त तासला गेला म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवली. आता मात्र मी खरेच थोडीशी डुगडुगू लागले. शेवटी मामाने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "म्हातारी झाली बिचारी. पोरीच्या जिवाशी खेळ नको." आठवड्याच्या आत ॲल्युमिनियमची नवी शिडी आली. चकचकीत, हलकी आणि भलतीच अबोल. माझ्या पायऱ्यांवर रंगाची फडकी वाळू लागली. खारूचा मला राग आला होता, हे मी लपवत नाही. पण रागापेक्षा भीती मोठी होती. तिच्या गरगरण्याचे ठिकाण फक्त मला माहीत होते, आणि मलाच बाजूला काढले होते.

वाचनालयाचे काम सुरू झाले तेव्हा मामाने मला डबे ठेवायला म्हणून सोबत नेले. पहिले दहा दिवस घासणे, भेगा भरणे, रंगाआधीच्या अस्तराचा हात देणे. दालनाच्या मधल्या खांबावर रोजचा आकडा लिहिला जायचा. मामाची पाठ वळली की खारू पेन्सिल घेऊन काही आकड्यांपुढे एक बारीकसा ठिपका द्यायची. ज्या दिवशी गरगरले त्या दिवसाचा ठिपका. तिलाही आता संशय येऊ लागला असावा, पण तोंडाला कुलूप. दहा दिवसांत सात ठिपके झाले.

अकराव्या दिवशी निळा रंग लागणार होता. सकाळी तिने बोट टोचले.

"एकशे चोवीस!"

"चढ मग," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. मी खांबाला टेकून उभी होते. नको चढूस, नको चढूस, असे माझे लाकूडन् लाकूड म्हणत होते. ती नव्या शिडीच्या सातव्या पायरीवर गेली. रोलर रंगात बुडवला. मान मागे टाकली. उजवीकडे वळली.

तिच्यासमोर पांढऱ्या छताशिवाय काहीच नव्हते. नजरेला धरायला एक खिळासुद्धा नव्हता. तिने हात पसरले आणि ती आली ती सरळ खाली, मामावर. निळा रंग फरशीभर झाला. तिला फारसे लागले नाही, कारण मामाने तिला झेलले होते. मामाच्या डाव्या मनगटाचे हाड मात्र मोडले.

ग्रंथपालबाई पाणी घेऊन धावत आल्या. मामा वेदनेने कळवळत होता, तरी ओरडत होता, "आधी तिला साखर द्या! तिच्या खिशात डबी आहे, साखर द्या!"

खारूने डबी बाजूला सारली. यंत्र काढले आणि बोट टोचले. सगळे तिच्याकडे बघत होते.

"एकशे सव्वीस," ती म्हणाली.

मामाने नव्या शिडीकडे पाहिले. ती निगरगट्टासारखी चारी पायांवर उभी होती. मग त्याने माझ्याकडे पाहिले. "ही पण डुगडुगते? आता काय जमीन बदलू?"

खारूला रडू फुटले. "शिडी नाही हलली, मामा. जुनी पण हलत नव्हती. मीच खोटं बोलले. मला वर बघितलं की गरगरतं. कितीतरी महिने झाले. साखर उतरत असेल असं वाटायचं."

"आकडा तर रोज बरोबर असायचा गं," मामा हळू म्हणाला.

"हो. म्हणूनच तर तू मला वर पाठवायचास."

 आकडा बरोबर म्हणजे पोर बरोबर, असे मामा तीन वर्षे धरून चालला होता. मला त्याचीही कीव आली, कारण माणूस मनाचा चांगला होता.

मामाच्या हाताला प्लास्टर लागले, आणि तिथल्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन दिवसांनी खारू आईबरोबर कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेली. जाण्याआधी तिने वाचनालयात जाऊन खांबाचा फोटो काढला. परत आल्यावर बोळकांडीत चपला काढता काढताच तिने मामाला सगळे सांगितले, म्हणून मलाही कळले. डॉक्टरबाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. साखर ठीक असतानाच चक्कर येते, तर मग कानाकडे बघू, असे त्या म्हणाल्या. कानाच्या अगदी आत तोल सांभाळणारा एक इवलासा अवयव असतो. डोके कुठे वळले, वर झाले की खाली, हे तो मेंदूला सांगतो. त्यात धुळीएवढे बारीक खडे असतात. ते जागचे सुटून भलतीकडे गेले की मान वळवताच जग फिरते. त्यांनी खारूला पटकन आडवे करून मान उजवीकडे वळवली, तेव्हा तिची बुबुळे आपोआप भिरभिरली. मग त्यांनी तिचे डोके ठरावीक क्रमाने वळवत ते खडे जागेवर आणले.

"मग झालं की बरं!" मामा म्हणाला.

"ते झालं. पण स्पंजच्या गादीवर डोळे मिटून उभं केलं तर मी उजवीकडेच पडत होते. त्या कानातला तोलच अशक्त झालाय म्हणाल्या. इतकी वर्षं मधुमेह असला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या, नसा थकू शकतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण तरुणांनाही होऊ शकतं. डोळे उघडे असले की डोळे सांभाळून घेतात, म्हणून कळत नाही."

"आणि तू साखर खात होतीस वरून," आई म्हणाली.

"हो," खारू म्हणाली. "त्याने अजून बिघडत होतं."

आईने तिला जवळ घेतले. मग विचारले, "शिडी?"

"तोल सुधारेपर्यंत नाही. रोज व्यायाम करायचा. त्या बघून सांगतील."

वाचनालयाचे छत मामाच्या एका जुन्या सोबत्याने केले. खारूने खालच्या भिंती केल्या आणि शेवटी तो खांब. तिने आकड्यांवर स्वतःच रंगाचा हात फिरवला, तेव्हा एकदाही वर पाहिले नाही. मला तिचा राग आला होता, तो त्या दिवशी गेला.

मित्रांनो, माझे दिवस पालटले ते त्यानंतर. व्यायामासाठी काहीतरी भक्कम, न हलणारे हवे होते. मामाने माझ्या तासलेल्या पायाला लाकडाचा तुकडा जोडून तो पुन्हा सरळ केला, एका हाताने, शिव्या देत देत. रोज सकाळी खारू गोधडीची घडी जमिनीवर टाकते, तिच्यावर उभी राहते, डोळे मिटते आणि हात माझ्यापासून बोटभर अंतरावर धरते. सुरुवातीला पाचपर्यंत मोजले की ती माझ्या अंगावर कोसळायची. मग दहा. मग पंधरा. एक सकाळ अशी आली की ती तीसपर्यंत उभी राहिली. मी इतकी वर्षे उभी आहे, पण त्या तीस आकड्यांत माझ्या मनात एकदाही ‘पडली तर?’ असे आले नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी दोन पायऱ्यांची परवानगी दिली, आणि आम्ही एका बालवाडीच्या बुटक्या खोलीत कामाला गेलो. मामाने नवी शिडी घरी ठेवली. "हिच्या पायऱ्या रुंद आहेत," एवढेच म्हणाला. खारूने बोट टोचले.

"एकशे पंधरा."

मामाने भिंतीवर आकडा लिहिला. पण मान हलवली नाही. पेन्सिल तशीच धरून त्याने विचारले, "आणि डोकं?"

खारूने माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलेला होता. छत अगदी हाताशी होते. मला तिच्या तळव्यातून कळत होते, तिला किती चढायचे होते ते. पूर्वीची खारू झटकन म्हणाली असती, मस्त!

"आज थोडं फिरतंय, मामा," ती म्हणाली, आणि तिने पाय काढून घेतला.

मामाने आकड्यापुढे ठळक ठिपका दिला आणि तिच्या हातात खिडकीचा ब्रश दिला. ती खिडकीपाशी बसून शीळ घालू लागली. मी खोलीच्या मधोमध रिकामी उभी होते, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढे चांगले काम माझ्या हातून कधी झाले नव्हते.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुमच्यापैकी कोणाला मधुमेह असेल आणि पायाखालचे जग फिरत असेल, तर आकडा बरोबर आहे म्हणून गप्प बसू नका. साखर मोजाच, पण तिच्यासोबत चक्करही सांगा, आणि कानही दाखवून घ्या. आणि जे त्यांच्यासोबत काम करतात त्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारा. आमच्या बालवाडीच्या भिंतीवर तो ठिपका अजून आहे. उद्या सकाळी खारू पुन्हा बोट टोचेल, मामा पुन्हा विचारेल, आणि ती काय म्हणते ते ऐकायला मी आत्तापासून अस्वस्थ आहे.